छत्तीस तासांची शाळा

दर फेब्रुवारीत शिक्षण कार्यालयाचं एक पत्रक आमच्या शाळेत येतं. साबी धर्माच्या मुली किती, त्यांची नावं कळवा, त्यांच्या सणाची रजा द्यायची आहे. मोठ्या बाई ते पत्रक माझ्या टेबलावर सरकवतात, कारण शाळेत सगळ्यात जुनी आता मीच. मी रकान्यात शून्य लिहिते, सही ठोकते आणि शिपायाच्या हातात देते. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या दिवशी माझा पारा चढलेला असतो आणि भूगोलाच्या तासाला मुली विनाकारण माझी बोलणी खातात. त्यांना कारण कळत नाही, मी कधी सांगितलंही नाही.

माझ्या शेजारचं टेबल अन्हरचं होतं. अन्हर सब्ती, गणिताच्या बाई. अठ्ठावीस वर्षं आम्ही शेजारी बसलो, एकाच किटलीतला चहा प्यायलो, एकाच खिडकीतून दिजला नदी उन्हाळ्यात आटताना पाहिली. निवृत्त झाल्यावर ती भावाकडे सिडनीला गेली आणि गेल्या वर्षी तिकडेच वारली. तिच्या भावाने फोन केला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, दिवस कुठला होता. तो म्हणाला, साधा मंगळवार होता, सण वगैरे काही नव्हतं. मला हायसं वाटलं. मैत्रीण मेल्याचं ऐकून हायसं वाटणारी ही कसली बाई, असं कुणाला वाटेल, म्हणून सगळं सांगायला बसले आहे.

आमच्या अमारा शहरात वस्ती आम्हा शियांची. साबी, कागदोपत्री साबी मंदाई, मूठभर, नदीकाठच्या गल्ल्यांतले, बहुतेक चांदीकाम करणारे. त्यांचा धर्म आमच्याहून जुना आहे असं ते म्हणतात, आणि मला त्यावर वाद घालायचा नाही. त्यांचं सगळं वाहत्या पाण्याशी बांधलेलं. मूल झालं की नदी, लग्न ठरलं की नदी, चूक झाली की नदी. पांढरे कपडे घालायचे, धर्मगुरूसमोर पाण्यात उतरायचं, तीन डुबक्या घ्यायच्या आणि नव्याने सुरुवात करायची.

अन्हर हडकुळी, चष्म्याची, बारा महिने एकाच राखाडी कोटातली. घंटा वाजत असतानाच ती वर्गात शिरायची, त्यामुळे तिच्या तासाला गोंधळ घालायला मुलींना सवड मिळत नसे. खडूचा तुकडा नखाएवढा होईपर्यंत फेकायची नाही. लग्न केलं नाही. गळ्यात पडणं, गालाला गाल लावणं, हे आमचं बायकांचं जे चालतं ते तिला मानवायचं नाही; दोन पावलं मागे सरकून ती मान हलवायची. रजा तर ती घ्यायचीच नाही. वर्षातून चारदा, तिच्या सणांना, फक्त एकेक दिवस. आणि त्या अर्जावर कारण लिहायची, पोट बिघडलं.

सणाची रजा त्यांना कायद्याने होती. तरी पोट बिघडायचं. शिक्षिकांच्या खोलीत त्यावरून टिंगल चालायची. "अन्हरचं पोट मोठं शिस्तीचं," मी म्हणायचे, "पंचांग बघून बिघडतं." ती हसायची आणि वह्या तपासत राहायची.

मी शाळेत लागले तेव्हा सहाशे मुलींत अकरा साबी होत्या. तेव्हा एका तरुण शिक्षिकेने विषय काढला होता, की शाळा बंद ठेवायची तर सगळ्यांच्या सणाला ठेवा, नाहीतर कुणाच्याच नको. मी उसळून म्हणाले होते, "अकरा मुलींसाठी सहाशे मुलींना घरी बसवायचं? त्यांना रजा द्या ना. कोण नको म्हणतंय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग आम्हाला आठवलं की अन्हर तिथेच बसलीय.

"मी कुठे काय मागतेय," ती म्हणाली. "आधीच तुमच्या सुट्ट्यांनी माझा जीव काढलाय."

ते मात्र खरं होतं. अरबईन, म्हणजे इमामांचा चाळिसावा, आला की आमच्याकडे शाळा आपोआप रिकामी होते. करबल्याकडे चालत निघालेले लोंढे, रस्त्याच्या कडेला आमचे तंबू, हंड्यांत शिजणारा भात. मुली तिथे, आम्हीही तिथेच. कुणी अर्ज करत नाही, कुणाचं पोट बिघडत नाही. आम्ही परत यायचो तेव्हा अन्हर फळ्याशी तयार उभी असायची.

"तेरा तास गेले," ती मला सुनवायची. "वर्गसमीकरणं अर्धी राहिलीत."

"मग इमामांकडे तक्रार कर."

"इमामांबद्दल तक्रार नाही. तुझ्या मुली चालून परत येतात तेव्हा वजाबाकी वाटेत सांडून येतात, त्याबद्दल आहे." आणि ते तेरा तास ती गुरुवारी दुपारी जादा वर्ग घेऊन भरून काढायची. फुकट.

ती सणाची रजा सणाच्या नावाने का मागत नाही, हे मी तिला एकदाच विचारलं. ती म्हणाली, "मागितली की यादी करावी लागते. अकरा मुलींची नावं, बापाचं नाव, पत्ता. ती यादी शाळेतून कार्यालयात जाणार, तिथून कुठे कुठे जाईल कुणाला ठाऊक." मला ते भित्रेपणाचं वाटलं होतं. मग बंदूकवाल्या टोळ्यांची ती वाईट वर्षं आली. तिच्या चुलतभावाला भर दुपारी दुकानातून उचलून नेलं, तो परत आला नाही. गल्लीतली घरं एकेक करून कुलूपबंद झाली. अकराच्या पाच झाल्या, पाचाच्या दोन. त्याच सुमारास मी एक वाक्य बोलले. शाळेच्या सुट्ट्यांची यादी भिंतीवर लावत होते आणि चेष्टेत म्हणाले, "चला, तुमची माणसंच उरली नाहीत, सुट्टीचा प्रश्न सुटला." अन्हरने मान वर केली नाही. तिच्या हातातला लाल पेन तेवढा थांबला. ते वाक्य मला आजही दाताखाली खड्यासारखं लागतं.

शेवटी एकच मुलगी उरली. सीमत. चांदीकाम करणाऱ्या सलवानची मुलगी, बारावीत, हुशार आणि तोंडाने फटकळ. तिला डॉक्टर व्हायचं होतं. आणि त्या वर्षी परीक्षा लांबत लांबत जुलैत गेल्या. वेळापत्रक लागलं त्या दिवशी अन्हर फलकासमोर इतका वेळ उभी राहिली, की मला वाटलं हिचा चष्मा बदलायला झालाय.

रसायनशास्त्राचा पेपर त्यांच्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आला होता.

बाकीच्या सणांना साबी नदीवर जातात. या एका सणाला मात्र ते घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. जुन्या वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, सगळ्यांनी घरात शिरून दार लावायचं, ते छत्तीस तासांनी, दुसऱ्या पहाटे उघडायचं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे या जगावर लक्ष ठेवणारे सगळे राखणदार त्या छत्तीस तासांसाठी वर, प्रकाशाकडे जातात, नवं वर्ष साजरं करायला. खाली कुणी नसतं. म्हणून माणसाने स्वतःला जपायचं. पाणी आधी भरून ठेवायचं, नळ सोडायचा नाही, जेवण आधी शिजवायचं, बाहेरच्या माणसाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. झाला, तर शुद्ध होईपर्यंत घरच्यांपासून वेगळं बसायचं. आणि त्या वेळात कुणी मेलं तर त्याच्या आत्म्याला न्यायला कुणी येत नाही. साबी म्हाताऱ्या माणसांना या एका गोष्टीची जितकी धास्ती असते तितकी मरणाची नसते.

सीमत आईला घेऊन आमच्या खोलीत आली. "बाई, बाबा म्हणतात सप्टेंबरच्या फेरीला बस."

सप्टेंबरची फेरी म्हणजे उरल्यासुरल्या जागा, हे आमच्याकडे सगळे धरून चालतात. अन्हर म्हणाली, "आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, मी पेपर देऊन येते. मग हवं तर नदीत शंभर डुबक्या घेते."

"जीभ आवर ग," आई म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "आजी घरात आहे. ही बाहेरून आली तर आजीच्या जवळ जायचं नाही, ताटाला हात लावायचा नाही. म्हातारी धसका घेईल. तिला त्या दिवसात काही झालं तर मी काय करू?"

आजीचं ऐकल्यावर सीमतचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला.

"पंधरा दिवस आहेत," अन्हर म्हणाली. "तू रसायनशास्त्र सोडून दुसरा विचार करू नकोस. बाकीचं मी बघते."

त्या दोघी गेल्यावर अन्हरने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. पिवळा, कडांना फाटलेला, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला.

"ही कसली चिंधी?"

"पदार्थविज्ञानाचा पेपर. माझ्या बारावीचा."

"अजून जपून ठेवलायस?"

"दिला नाही ना कधी, म्हणून."

चाळीस वर्षांपूर्वी तिचाही पेपर त्याच दिवसात आला होता. वडिलांनी दार लावलं. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे घंटा घरात ऐकू यायची. घंटा झाली तशी ती कागद घेऊन बसली आणि पेपर कसा असेल याचा अंदाज करत तीन तास लिहीत राहिली. शेवटची घंटा झाल्यावर पेन खाली ठेवलं. नंतर मैत्रिणीने खरा पेपर आणून दिला, तोही तिने सोडवला. एक उदाहरण सोडून सगळं बरोबर. तिलाही डॉक्टर व्हायचं होतं, हे मला अठ्ठावीस वर्षांत त्या दिवशी कळलं.

"वडिलांचा राग नाही आला?"

"त्यांचा कशाला? वेळापत्रक त्यांनी नव्हतं लावलं."

मग तिने अर्ज लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा खरं कारण लिहिलं. मी साबी मंदाई, माझी विद्यार्थिनी साबी मंदाई, आमच्या नव्या वर्षाच्या दिवशी आम्ही घराबाहेर पडत नाही, तरी रसायनशास्त्राचा पेपर एक दिवस पुढे ढकलावा. खाली दोघींची पूर्ण नावं आणि पत्ते. यादीच होती ती, दोनच नावांची. मोठ्या बाईंनी, म्हणजे विजदानबाईंनी, शिक्का मारला. मी विचारलं, "पोटदुखी नाही लिहिलीस?" ती म्हणाली, "या वेळी खरंच दुखतंय."

नऊ दिवसांनी उत्तर आलं. साबी विद्यार्थिनीस सणाची रजा मंजूर करण्यात येत आहे. परीक्षेच्या वेळापत्रकात बदल नाही.

मी तो कागद दोनदा वाचला आणि इतकी संतापले की विजदानबाईंनी उठून दार लावून घेतलं. रजा तर आधीपासूनच होती. रजा देणं आणि शाळा बंद ठेवणं यात केवढा फरक आहे, ते मला त्या दिवशी कळलं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. अरबईनला आमच्या एकाही मुलीला रजा लागत नाही, कारण तिच्या मागे शाळेत काही घडतच नाही. अकरा मुलींना रजा द्या की, असं मोठ्या तोंडाने म्हणणारी मीच होते.

अन्हर मात्र शांत होती. खिडकीतून ती अंगणापलीकडच्या शिवणकामाच्या खोलीकडे बघत होती.

"सुंदुस," ती म्हणाली, "घर म्हणजे काय ग?"

"डोकं फिरलं का तुझं?"

"सूर्य मावळायच्या आत शिरायचं आणि दुसऱ्या पहाटे बाहेर पडायचं. मधे दाराबाहेर जायचं नाही, एवढंच. ते घर कुणाच्या मालकीचं असावं, असं कुठे लिहिलंय?" तिने चष्मा पुसला. "परीक्षेचं केंद्र आपलीच शाळा आहे ना?"

त्याच संध्याकाळी ती धर्मगुरूंना विचारायला गेली.

धर्मगुरूंनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, छप्पर आहे, भिंती आहेत, वेळेआधी दार लागलं, तर ते घर; फाटकाच्या आत अंगण ओलांडलं तरी घरातच. कागदाला दोष नाही, माणसाचा हात लागू नये. विजदानबाई जास्त घाबरल्या. परीक्षेच्या केंद्रात आदल्या रात्री माणसं राहणार, पोलीस काय म्हणतील, वर कोण काय कळवेल. मी त्यांना म्हणाले, "मोठ्या बाई, पेपरांची पेटी सकाळी सात वाजता सीलबंद येते. त्याआधी शाळेत चोरायला काय आहे, शिवणयंत्रं? जबाबदारीच्या कागदावर माझं नाव घाला." त्यांनी घातलं. फाटकावरच्या पोलिसाने खोली तपासली, माठात डोकावला आणि विचारलं की या बाया कशापासून लपताहेत. मी म्हटलं, तुमच्या वेळापत्रकापासून.

शेवटच्या संध्याकाळी सीमत, तिची आई आणि अन्हर शाळेत आल्या. सलवान म्हाताऱ्या आईपाशी घरी थांबला. नदीचं पाणी भरलेले दोन माठ, नदीत धुतलेली भांडी, भाकरी, उकडलेली अंडी, खजूर, धुतलेल्या काकड्या. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या तिघी शिवणयंत्रांच्या रांगेत बसल्या. सूर्य नदीपलीकडे टेकला तसं अन्हरने आतून दार लावलं. मी बाहेर उभी होते. कडीचा आवाज ऐकला आणि घरी गेले.

सकाळी साडेसातला उन्हाचा तडाखा सुरू झालेला आणि वीज गेलेली. अन्हर त्या दिवशी परीक्षेच्या दालनात पहाऱ्याला होती. रसायन तिचा विषय नव्हता, त्यामुळे नियमात बसत होतं, आणि तिने ते मुद्दाम मागून घेतलं होतं. सीमतजवळ जायला चालेल असं शाळेत दुसरं होतंच कोण? मी पेपर टेबलावर ठेवायचा, तिने तो उचलून सीमतच्या बाकावर ठेवायचा. सीमतचा बाक कोपऱ्यात, भोवती दोन हात मोकळी जागा. आदल्या दिवशी हौराने तिथे खडूने रेघ मारून ठेवली होती. हौरा म्हणजे सीमतची जिवलग, शहराबाहेरच्या वस्तीतून चालत येणारी. प्रत्येक पेपरआधी दोघी एकमेकींना मिठी मारायच्या. त्या दिवशी हौरा रेघेशी थांबली.

"आज नाही ना?"

"आज नाही ग. परवाच्या पेपरला."

"परवा दोन मार. व्याजासकट." आणि ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. चाळीस मुली त्या रेघेला वळसा घालून आपापल्या जागी गेल्या. कुणालाही काही सांगावं लागलं नाही. मी उत्तरपत्रिका मोजायला घेतल्या आणि दोनदा चुकले.

दोन तास सगळं सुरळीत होतं. पंखे बंद, खिडक्या उघड्या, तरी दालन भट्टीसारखं तापलेलं. हौराने पेपर संपवला आणि द्यायला उठली. मी दाराशी होते, मला तिचा चेहरा दिसला, ओठ पांढरेफटक. तिने बाकाची कड पकडायला हात टाकला, तो हुकला, आणि ती मागे, सीमतच्या बाजूला कोसळू लागली. मागे बाकाचा लोखंडी कोपरा होता. सीमत अर्धी उठली, दोन्ही हात पुढे केले.

अन्हर कुठून आली कळलं नाही. साठीची बाई, रक्तदाबाची. ती रेघ ओलांडून दोघींच्या मधे शिरली, सीमतला पाठ केली आणि हौराला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. ओझ्याने दोघी खाली बसल्या. हौराचं डोकं अन्हरच्या पांढऱ्या कपड्यांवर. अन्हरने आपल्या बाटलीतलं नदीचं पाणी तिच्या तोंडावर मारलं, कपाळ पुसलं, गालावर थोपटलं. गळ्यात पडलेलं न चालणारी ती बाई त्या पोरीला मांडीवर घेऊन बसली.

मग मान न वळवता म्हणाली, "सीमत, बस. तुला शिवलं नाहीये काही. चाळीस मिनिटं आहेत, लिही."

सीमत उभीच होती. तिचे हात अजून पुढे होते.

"लिही म्हणतेय ना."

ती बसली. कागदावर डोळ्यांतलं पाणी टपटपत होतं, ते मनगटाने पुसत पुसत तिने लिहिलं. त्या लिहिण्याचं काय झालं ते सांगून टाकते. तिला बसऱ्याच्या मेडिकलला जागा मिळाली. पुढच्या वर्षी त्या लोकांनी देश सोडला, आणि आता ती स्वीडनमध्ये शिकते. हौराला दोन मिठ्या मिळाल्या. आणि आमच्या रकान्यात शून्य आलं.

पण त्या दुपारी हे काही ठाऊक नव्हतं. पेपर संपला, मुली गेल्या, फाटक लागलं. सीमत आणि तिची आई शिवणकामाच्या खोलीत परतल्या. अन्हर परतली नाही. ती आमच्या खोलीत येऊन स्वतःच्या खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून. सीमतची आई त्यांच्या दाराच्या आत उभी राहून अंगणापलीकडून हाक मारत होती, "बाई, आत या ना. तुमच्याशिवाय आम्ही जेवणार नाही."

"जेवा ग," अन्हर खिडकीतून म्हणाली. "माझ्यापासून दूर राहा म्हणजे झालं. दार लावून घे."

त्या बाईने दार लावलं नाही. उंबऱ्याच्या आत, अन्हर दिसेल अशी खाली बसली आणि डोक्यावरची ओढणी तोंडावर घेतली. सीमत तिच्या मागे भिंतीला टेकून उभी होती.

मी चहा करून आणला. अन्हरने नको म्हटलं. "मोडलं म्हणून सगळंच सोडायचं का? उरलेलं पाळते." तिचा रंग मला बरा वाटत नव्हता.

"छातीत दुखतंय का? डॉक्टरला बोलावू?"

"नको. भीती वाटतेय, बाकी काही नाही."

चुलतभावाला नेलं तेव्हाही ती असं बोलली नव्हती.

"कशाची?"

"राखणदार वर गेलेत, सुंदुस. आणि मी अशी, मोडलेली. आज मेले तर मला कोण घेऊन जाईल? मधेच कुठेतरी राहीन." मग स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाली, "उद्या पहाटेपर्यंत तग धरायचाय, बस. मग नदी आहे, धर्मगुरू आहेत, सगळं नीट होतं."

अठ्ठावीस वर्षं हिच्या पोटदुखीची मी चेष्टा केली होती. एका दिवसासाठी शाळेला कुलूप लावलं असतं तर ही आत्ता घरी, आपल्या माणसांत, आपल्या माठातलं पाणी पीत बसली असती. ते कुलूप लावायला मीच हात आखडता घेतला होता.

"आता तुला हात लावला तर चालेल?" मी विचारलं.

"आता काय बिघडायचं राहिलंय."

मी माझी खुर्ची तिच्या खुर्चीला लावली आणि तिचा हात हातात घेतला. उन्हाळ्यातही थंडगार होता, बोटांच्या पेरांत खडू बसलेला. तिने तो सोडवून घेतला नाही.

"घरी जा," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तुझी माणसं वाट बघत असतील."

"बघू देत. तुझे राखणदार किती वाजता परत येतात?"

"सूर्य उगवताना. पाचच्या सुमारास."

"मग पाचपर्यंत मी आहे," मी म्हणाले.